१७१८ चा चाच्यांचा तळ: कपडे आणि भांडीकुंडी यांचा पुरावा कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर तुमचा रीएनॅक्टमेंट गट (म्हणजे जुना काळ कपडे-सामानासह हुबेहूब उभा करून दाखवणारा गट) चाच्यांच्या काळातला तळ उभारणार आहे, साल १७१८ धरलं आहे. कपडे आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंचा शोध कुठून सुरू करायचा, भारतातून आणलेलं सुती कापड चालेल का, आणि गटातल्या मराठी मंडळींना कान्होजी आंग्र्यांचा एखादा माणूस त्या तळावर दाखवता येईल का. मी इंग्लंडमध्ये अशा गटांसाठी कपडे शिवते आणि शिवण्याआधीचे पुरावे तपासून देते. विषय जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा सविस्तरच लिहिते.

साल ठरवलंत हे फार चांगलं केलंत. निम्मे गट 'चाच्यांचा काळ' एवढंच म्हणतात आणि १६५० ची बाटली, १७२० चा कोट नि १७८० ची टोपी एकाच माणसाच्या अंगाखांद्यावर येते. आता सालाच्या पुढे जाऊन माणूस ठरवा. १७१३ मध्ये युट्रेक्टचा तह झाला, इंग्लंडचं नौदल आकसलं आणि हजारो खलाशी बेकार झाले. जुलै १७१५ मध्ये स्पेनचा खजिना नेणारा ताफा फ्लोरिडाजवळ वादळात बुडाला आणि ती लूट काढायला गेलेल्यांतले कितीतरी जण पुढे बहामात, नासाऊला जमले. म्हणजे १७१८ चा चाचा हा चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत नौदलाच्या किंवा व्यापारी जहाजावर राबणारा खलाशी होता. त्यामुळे 'चाचे काय घालायचे' हे शोधत बसलात तर हाती फार थोडं लागेल. 'त्या काळच्या खलाशाकडे काय असायचं, आणि शेवटचं जहाज लुटलं त्यात काय मिळालं असेल' असं विचारलंत की दप्तरंच्या दप्तरं उघडतात. तुमच्या प्रत्येक सदस्याला विचारा: तू कुठल्या बंदरातला, शेवटचा पगार कधी मिळाला, अंगावरचा कोट विकत घेतलेला की लुटीत वाट्याला आलेला? ही उत्तरं मिळाल्याशिवाय कुणालाही कापड घेऊ देऊ नका.

पहिला कागद वाचायचा तो १७०६ चा इंग्रज नौदलाचा तयार कपड्यांचा करार. जहाजावर खलाशांना पगारातून कापून जे कपडे विकले जात, त्यांचा तपशील त्यात बटणांच्या संख्येसकट दिलेला आहे. करड्या केर्सीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं जाकीट, त्याला तांबडं अस्तर, पितळेची १५ बटणं. वेल्श तांबड्या लोकरीचा बिनअस्तराचा वेस्टकोट, १८ पितळी बटणं. ब्रीचेसना, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या विजारींना, चामड्याचे खिसे आणि कथलाची पांढरी बटणं. निळ्या-पांढऱ्या चौकड्याचे लिननचे शर्ट. करडे लोकरी मोजे, दुहेरी तळाचे गोल टोकाचे बूट, पितळी बक्कल आणि तिला लोखंडी जीभ. काजांच्या दोऱ्याचा रंगसुद्धा लिहिला आहे. सामान्य माणसाच्या कपड्यांबद्दल इतका नेमका कागद या काळात दुसरा मिळणं अवघड. मात्र त्यातल्या जाकिटाचं अस्तर 'कॉटन'चं लिहिलेलं आहे आणि त्या काळच्या इंग्रजी कागदांत हा शब्द बऱ्याचदा केसाळ लोकरी कापडासाठी येतो. तो वाचून सुती अस्तर लावू नका.

कागदावरचा कपडा डोळ्यांसमोर आणायचा तर गनिस्टरचा माणूस पाहा. १९५१ मध्ये शेटलंड बेटांवर पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणताना एक दफन सापडलं. जवळच्या विणलेल्या बटव्यात स्वीडिश आणि डच नाणी होती, त्यांतलं सगळ्यांत अलीकडचं १६९० चं. म्हणजे मृत्यू १७०० च्या आसपासचा. कोट, आतलं जाकीट, सदरा, ब्रीचेस, गुडघ्यावर जाणारे मोजे, हातमोजे, दोन टोप्या असा अख्खा पेहराव मिळाला; मूळ वस्तू स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यावर १९५० च्या दशकात निघालेला अहवाल मोजमापांसह आहे, तो मिळवाच. ठिगळं कुठे होती, कुठला भाग आधी झिजला, हे त्यातून कळतं. आमच्याकडे मी नवख्यांना नवा कपडा शिवून झाल्यावर त्याच जागा झिजवायला लावते: कोपर, खिशाची कड, मांडीची आतली बाजू. नुसती माती फासून कपडा जुना दिसत नाही.

इथे एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. आम्लधर्मी पीटमध्ये लोकर टिकते, लिनन आणि सूत विरून जातं. गनिस्टरच्या माणसाच्या अंगावर सगळं लोकरीच मिळालं, त्यावरून त्याने लिनन वापरलंच नाही असं म्हणता येत नाही. समुद्राच्या तळाशी आणखी वेगळं चित्र: लोखंड गंजून त्याभोवती दगडासारखा गोळा तयार होतो, धातू आणि काच राहतात, कापड आणि लाकूड बहुतेक जातं. बुडालेल्या जहाजांच्या संग्रहालयातून फिरून आलेले लोक तळावर सगळीकडे प्यूटर (कथलाचा मिश्रधातू) आणि पितळ मांडतात, याचं कारण हेच. लाकडी वाडगे, चामड्याचे पेले, वेताच्या टोपल्या, दोरखंड, कॅनव्हासच्या पिशव्या यांनी तळ भरलेला असला पाहिजे. सापडलेल्या वस्तूइतकाच न सापडलेल्या वस्तूचा विचार करायला शिकलात की तळ खरा दिसू लागतो.

तुमचं भाग्य असं की ब्लॅकबिअर्ड या चाच्याचं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे जहाज तुमच्याच राज्यात, ब्यूफोर्टच्या खाडीच्या तोंडाशी जून १७१८ मध्ये रुतलं. १९९६ मध्ये ते सापडलं आणि वस्तू ब्यूफोर्टच्या सागरी संग्रहालयात आहेत. तिथे एक संपूर्ण दिवस काढा. प्यूटरच्या थाळ्या, पॅरिसमध्ये बनलेली वैद्यकीय पिचकारी, १७०५ साल कोरलेली घंटा, पहिल्या जॉर्जच्या १७१४ च्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून केलेल्या काचेच्या पेल्याचा दांडा. एका तोफेच्या दारू भरायच्या कप्प्यात कागदाचे कपटे अडकलेले मिळाले आणि ते १७१२ मध्ये छापलेल्या एका सागरी प्रवासवर्णनाचे निघाले. तुमच्या तळावर एखादं पुस्तक ठेवायचं असेल तर यापरता आधार नको. मॅसॅच्युसेट्सला जाणं झालं तर 'व्हिडा गॅली' या चाच्यांच्या जहाजातल्या वस्तू चुकवू नका. हे जहाज २६ एप्रिल १७१७ ला केप कॉडजवळ बुडालं आणि १९८४ मध्ये सापडलं. त्यात एक छोटा बूट, रेशमी मोजा आणि लहान मुलाच्या पायाचं हाड एकत्र मिळालं. पिस्तुलाच्या मुठीला गुंडाळलेली रेशमी फीतही मिळाली. १७२४ मध्ये लंडनला छापलेल्या चाच्यांच्या चरित्रांत बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा चाच्यांचा कप्तान रेशमी पट्ट्याला पिस्तुलं अडकवून खांद्यावरून सोडायचा असं वर्णन आहे. एकटं ते पुस्तक असतं तर मी हात राखून मानलं असतं, कारण लेखकाला रंग भरायची हौस होती. वर्णन आणि वस्तू जुळल्यावर मी ती फीत निःशंक वापरते. त्याच पुस्तकातला रॉबर्ट्सचा किरमिजी दमास्कचा, म्हणजे नक्षी विणलेल्या भारी कापडाचा, पोशाख आणि हिऱ्याचा क्रूस मात्र एका कप्तानाचा, लढाईच्या दिवसाचा आहे. तुमच्या तळावर असा माणूस फार तर एक हवा.

लिखित पुराव्यांत मला सर्वांत प्रिय आहेत त्या पळून गेलेल्या नोकरांच्या आणि गुलामांच्या जाहिराती. मालकाला माणूस परत हवा असायचा, म्हणून कपड्यांचं वर्णन काटेकोर असायचं: कोटाचा रंग, बटणं कशाची, मोजे कुठल्या रंगाचे, टोपी कशी. त्या वाचताना मन जड होतं, पण ज्यांचं चित्र कुणी काढलं नाही अशा माणसांच्या अंगावर काय होतं ते तिथेच कळतं. यासाठी 'बोस्टन न्यूज-लेटर' वाचा. ते १७०४ ला सुरू झालं. व्हर्जिनियाच्या जाहिरातींचे संग्रह शोधायला सोपे आणि लोकप्रिय आहेत, पण तिथलं वृत्तपत्र १७३६ मध्ये सुरू झालं, तेव्हा तुमच्या १७१८ साठी ते उशिराचे. दक्षिण कॅरोलायनाचंही तसंच, ते १७३२ चं. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे खटले १६७४ पासूनचे इंटरनेटवर मोफत वाचता येतात. चोरीच्या खटल्यांत शर्ट, पेटीकोट, चमचे, चादरी यांच्या याद्या असतात. तिथल्या किमतींवर मात्र विसंबू नका. आरोपीची शिक्षा कमी व्हावी म्हणून ज्यूरी मालाची किंमत मुद्दाम उतरवून लावत असे.

मृत माणसाच्या मालमत्तेच्या याद्या नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य अभिलेखागारात मागा. जहाजावर कुणी मेला तर त्याचे कपडे डोलकाठीपाशी लिलावात विकले जात आणि कुणी काय कितीला घेतलं त्याची नोंद होई. लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नौदल न्यायालयाच्या कागदांमध्ये अशा याद्या मिळतात. तारखा वाचताना जपा: १७५२ पर्यंत इंग्रजी कागदांत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी १७१७ असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७१८ असू शकतं.

डोक्याला रुमाल बांधायचा की नाही हा वाद प्रत्येक गटात होतो. नोव्हेंबर १७२० मध्ये जमैकात ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोन चाचे बायकांवर खटला चालला, त्यात डॉरोथी थॉमस नावाच्या बाईची साक्ष आहे. त्या दोघींनी पुरुषांची जाकिटं आणि लांब विजारी घातल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधले होते आणि हातात मॅचेटी (रुंद पात्याचा कोयता) नि पिस्तूल होतं, असं तिने सांगितलं. तेव्हा रुमाल बांधा, पण साधा. कानात मोठी बाळी, कमरेला रुंद रंगीत शेला, गुडघ्याच्या वर उलटलेले चामडी बूट हे सगळं बाजूला ठेवा. ते रूप बव्हंशी हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलं आणि पुढे पडद्यावर रुजलं. ओल्या डेकवर आणि शिडांच्या दोरखंडांवर तसले बूट घालून कुणी चढू शकत नाही. आडव्या पट्ट्यांचा तंग बनियन तर फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये ठरवलेला. बायकांनी शर्टावरून बांधायचा बाहेरचा कॉर्सेटही काढून टाका. शिफ्ट (आतला लिननचा सैल झगा), त्यावर स्टेज (अंगाला घट्ट बसणारी ताठ चोळी), पेटीकोट, गळ्यात रुमाल, डोक्यावर लिननची टोपी आणि ॲप्रन, एवढं नीट शिवलं तरी बंदरातली बाई उभी राहते. चित्रं पाहायचीच तर मार्सेलस लरूनची लंडनच्या फेरीवाल्यांची १६८७ पासून छापलेली चित्रं आणि डच लाउकेन पितापुत्रांचं १६९४ चं शंभर व्यवसायांचं पुस्तक पाहा. दुसऱ्यात भांडी, हत्यारं, टेबलं, टोपल्या यांचा खजिना आहे.

आता भारतीय कापड. इथे आपल्या लोकांना खरोखर सांगण्यासारखं काही आहे. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने आशियातून येणारं छापील सुती कापड देशात वापरायला बंदी घातली, १७२१ च्या कायद्याने ती आणखी कडक केली. पण हे कापड लंडनच्या गोदामात ठेवून पुन्हा वसाहतींना पाठवायला मुभा होती. म्हणून १७१८ मध्ये लंडनच्या रस्त्यावर जे छापील सूत अंगावर घालणं गुन्हा होता, ते कॅरोलायनात उघडपणे विकत मिळे. जॅक रॅकहॅम या चाच्याला 'कॅलिको' (म्हणजे सुती कापड) हे टोपणनाव पडलं ते त्याच्या सुती कपड्यांमुळे, असं सांगतात. तुमच्या तळावर भारतीय सूत असायला हरकत नाही, असायलाच हवं. कुठलं, ते महत्त्वाचं. साधा पांढरा मांजरपाट, मलमल, आणि निळ्या-पांढऱ्या चौकड्याचं किंवा पट्ट्यांचं हातमागाचं कापड निर्धास्त घ्या. छापील घ्यायचं तर मंजिष्ठेचा तांबडा, नीळ आणि काळपट तपकिरी एवढ्याच रंगांत, पांढऱ्या किंवा तांबड्या जमिनीवर, आणि नक्षी संग्रहालयातल्या त्या काळच्या तुकड्याशी ताडून. बाजारात मिळणारं सोनेरी छपाईचं, जांभळं, झगझगीत गुलाबी कापड नको. कृत्रिम रंगांची सुरुवातच १८५६ ची आहे.

आणि हेही सांगायला हवं. मद्रास किनाऱ्यावर आणि गुजरातेत विणलेलं हे चौकड्याचं कापड युरोपीय जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत नेलं आणि त्याच्या बदल्यात माणसं विकत घेतली. 'व्हिडा' गुलामांची वाहतूक करण्यासाठीच बांधलेलं जहाज होतं. 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे मुळात 'ला कॉन्कॉर्ड' नावाचं फ्रेंच गुलामवाहू जहाज. तळावर येणारी मुलं तलवारी बघायला येतात, ते ठीक आहे, पण चौकड्याचा शर्ट दाखवताना ही हकीकत सांगणारा एक तरी सदस्य तयार ठेवा. चाच्यांच्या टोळ्यांत आफ्रिकी माणसं होती, काही बरोबरीने लढणारी आणि काही लुटीतला माल म्हणून पुढे विकली गेलेली. दोन्ही सांगा.

लिननचा शर्ट हाताने शिवा. अवघड नाही. सगळे तुकडे सरळ चौकोनी, काखेत चौकोनी पाचर, गळ्याला चुण्या, समोर छातीपर्यंतच चीर. आपल्याकडचा जुन्या पद्धतीचा सदरा ज्याने बेतला आहे त्याला हा बेत लगेच कळेल. कापड वाया जात नाही, हा त्यामागचा हिशेब. मेण लावलेला लिननचा दोरा घ्या. आतल्या शिवणी मशीनवर मारल्यात तर मी रागावणार नाही, पण दिसणारी प्रत्येक कड, काज आणि कॉलर हातशिलाईचं हवं. पॉलिस्टर अजिबात नको, तळावर उघडी चूल असते आणि ते वितळून कातडीला चिकटतं. लोकर ठिणगीला सहसा दाद देत नाही आणि लिनन वितळून चिकटत नाही, पण ते पेटू शकतं, म्हणून चुलीपाशी जपा.

भांड्यांमध्ये काळ ओळखायची सगळ्यांत सोपी खूण म्हणजे दारूची बाटली. साधारण १६८० ते १७३० ची इंग्रजी बाटली बुटकी, फुगीर, कांद्याच्या आकाराची असते. त्याआधीची लांब मानेची, नंतरची सरळ बाजूंची. तुम्हाला कांद्यासारखी हवी. पांढऱ्या मातीच्या पाइपमध्येही तसंच: तंबाखू स्वस्त होत गेली तसं तोंड मोठं होत गेलं आणि दांड्यातलं छिद्र अरुंद होत गेलं, ते उत्खनन करणारे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. पेल्यांसाठी जर्मनीतल्या वेस्टरवाल्डची करडी-निळी स्टोनवेअर, म्हणजे कडक भाजलेली मातीची भांडी, उत्तम. त्यावर राणी ॲनची 'एआर' किंवा जॉर्जची 'जीआर' अक्षरं असतात. १७१८ च्या तळावर दोन्ही चालतील, कारण भांडी राजाबरोबर बदलत नाहीत. कथलाचा मुलामा दिलेली पांढरी-निळी डच आणि इंग्रजी मातीची भांडी, एखादा चिनी पोर्सिलीनचा पेला. जमैकातलं पोर्ट रॉयल ७ जून १६९२ च्या भूकंपात समुद्रात गेलं, तिथल्या घरांत अशी भांडी सापडली आहेत. फिकट मलईरंगाची गुळगुळीत इंग्रजी क्रॉकरी १७६० च्या दशकातली, ती नको. एनॅमलचे मग आणि स्टीलची भांडी उघड्यावर दिसू देऊ नका. खलाशी चाकू आणि चमच्याने जेवत, काटे विसरा. तांब्याची भांडी आतून कल्हई केलेली हवीत, ती तुम्ही भारतातून करवून आणू शकता. प्यूटर नवं, शिसं नसलेलं घ्या. जुनी प्यूटरची ताटं मांडायला ठीक, खायला-प्यायला वापरू नका.

कान्होजी आंग्र्यांबद्दल माझं उत्तर: त्यांचा माणूस या तळावर नको. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं, पण ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, जहाजांना परवाने देत होते, किल्ले राखत होते. त्यांना कॅरोलायनाच्या चाच्यांमध्ये उभं केलंत तर मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं म्हणणं तुम्ही नकळत मान्य केल्यासारखं होईल. नोव्हेंबर १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्ड कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या ओक्राकोकला मारला गेला, त्याच महिन्यात इंग्रजांनी आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावर हल्ला केला आणि तो फसला. एवढा योग जुळून आला आहे तर शेजारी वेगळा तंबू टाका, १७१८ चं खांदेरी म्हणून, स्वतंत्र पुराव्यांवर. त्याचा अभ्यास वर्षभराचा आहे, या उन्हाळ्यात घाई करू नका. आणि तुमच्या मराठी सदस्यांना चाच्यांच्या तळावर उभं राहायला आंग्र्यांची गरजही नाही. हिंदी महासागरात फिरणाऱ्या इंग्रज जहाजांवर भारतीय खलाशी होते. असा माणूस इतरांसारखंच चौकड्याचा शर्ट आणि लोकरी जाकीट घालेल.

कामाचा क्रम सांगते. प्रत्येक वस्तूमागे वहीत एक पान करा: वस्तू, साल, जागा, कुणाची, पुरावा कशाचा. पान रिकामं राहिलं ती वस्तू आणायची नाही. आधी शर्ट आणि ब्रीचेस, मग मोजे, मग टोपी. जाकीट शेवटी, कारण लोकर महाग पडते आणि कॅरोलायनाच्या उन्हाळ्यात पहिल्या मोसमात शर्ट नि वेस्टकोटवर भागतं. वाचलेले पैसे बुटांवर खर्च करा. बूट काळे, गोल टोकाचे, दोन्ही पायांना एकाच सरळ साच्यावरचे आणि बक्कल लहान. मोठी चौकोनी बक्कलं शतकाच्या उत्तरार्धातली आहेत आणि तयार बुटांवर बहुतेक तीच लावून येतात, म्हणून ऑर्डर देतानाच बक्कल वेगळी मागवा.